भुईवर घेण्याची वेळ

नेपरव्हिलच्या इंडियन दुकानात, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचे बारीक फवारे उडत असतात त्या कोपऱ्यात, नीलांबरीकाकूंनी विनीताला पाहिलं आणि आपली ट्रॉली वळवली. एवढंच झालं. रागानं वळवली असती तर विनीताला बरं वाटलं असतं. रागाला निदान एक टोक असतं, ते धरून माणसाला पुढं काही बोलता येतं. पण काकूंनी ती वळवली अगदी सावकाश, पुढं दूध सांडलेलं असावं आणि त्यावरून चाक जाऊ नये म्हणून वळवावी तशी, आणि बरोबरच्या सुनेला म्हणाल्या, "नेत्रा, तूरडाळ राहिली बघ." नेत्रानं मागं वळून पाहिलं, अर्धवट हसली, हात उचलला, आणि आपण तो का उचलला असं वाटून खाली सोडला. विनीता मेथीची जुडी हातात घेऊन उभी राहिली. मेथीला आज काहीच वास येत नव्हता. की आपल्यालाच येत नव्हता, कोण जाणे. तिच्या धंद्यात हे नवीन नव्हतं. ज्या घरी माणूस गेलं त्या घरची मंडळी नंतर दुकानात, देवळात, दिवाळीच्या कार्यक्रमात भेटतात. काही गळ्यात पडतात, काही ओळख दाखवत नाहीत. तिनं त्यांना नको त्या अवस्थेत पाहिलेलं असतं, न विंचरलेल्या केसांनी, एकमेकांवर खेकसताना, न धुतलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी रडताना. अशा बाईला पुन्हा पाहणं जिवावर येतं, हे तिला समजत होतं. पण काकूंचं तसं नव्हतं. काकूंना ती लाजिरवाण्या आठवणीसारखी नको होती, असं नाही. काकूंचं तिच्याकडं काहीतरी राहिलेलं होतं. काय, ते तिला हिवाळाभर माहीत होतं, आणि म्हणूनच ती या दुकानात यायचं टाळत होती. आज मेथीचं निमित्त झालं.

विनीता हॉस्पिसची नर्स. डॉक्टरांनी हात टेकले की मग जी घरी येते, ती. तिच्या पिशवीत बरं करणारं औषध नसतं. दुखणं बोथट करणारं असतं, धाप कमी करणारं असतं, आणि तिचा स्वतःचा आवाज असतो. मिरजेत शिकली, लग्न होऊन शिकागोत आली, वर्षानुवर्षं हॉस्पिटलात मशिनांच्या गराड्यात काढली, आणि आई गेली ती फोनच्या पडद्यावर पाहिल्यानंतर एक दिवस हे काम धरलं. का, असं कुणी विचारलं तर ती काहीतरी तोंडदेखलं सांगायची. खरं असं की पडद्यावर आईचा चेहरा दिसत होता आणि पाय दिसत नव्हते, आणि विनीताला राहून राहून आईचे पाय बघायचे होते. पाय बघितले की तिला कळलं असतं किती वेळ आहे. भावाला सांगायचं धैर्य झालं नाही की फोन जरा खाली कर. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या आईबापांचे पाय बघत आली.

खांबेट्यांच्या, म्हणजे काकूंच्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हा बर्फ नुकतं पडायला लागलं होतं. यतीन, त्या घरचा मुलगा, कोट न घालताच ड्राइव्ह-वेमध्ये आला आणि तिच्या गाडीची काच खाली व्हायच्या आत बोलायला लागला. "विनीताताई, एक रिक्वेस्ट आहे. तो बॅज जरा आत ठेवाल का? बाबांना आम्ही सांगितलं नाहीये. लिव्हरला सूज आहे एवढंच माहितीये त्यांना. हॉस्पिस शब्द दिसला तर ते लगेच गूगल करतील यार, आणि मग सगळं संपलंच." खरं तर ते आधीच संपलं होतं, स्वादुपिंडातून निघालेलं दुखणं यकृतभर पसरलं होतं. नियमानं विनीतानं सांगायला हवं होतं की पेशंटला जाणून घ्यायचा हक्क असतो. इंग्रजीत बोलणं असतं तर तिनं ते सांगितलंही असतं, मऊ आवाजात, शिकवल्याप्रमाणे. पण समोरचा मुलगा थंडीनं कुडकुडत मराठीत बोलत होता. तिनं बॅज कोटाच्या खिशात टाकला. त्या क्षणी ती नर्स राहिली नाही, त्या घरातली कुणीतरी झाली, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं असं तिला आता वाटतं. तेव्हा फक्त बरं वाटलं होतं.

मनोहरकाका म्हणजे बोलका माणूस. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या कामावर ओव्हरसीअर होते, आणि निवृत्त होऊन मुलाकडे आल्यावर नेपरव्हिलच्या गटारांचे उतार तपासत हिंडायचे. अंगावर मांस उरलं नव्हतं, डोळे पिवळे झाले होते, तरी रोज दाढी झालीच पाहिजे. "मिरजेची का? मिरजेत दोन गोष्टी चांगल्या होतात, तंबोरे आणि नर्सा," असं म्हणून तिला हसवलं. बर्फ वितळलं की सगळ्यांना नायगरा दाखवायला नेणार होते, विनीतालाही. "आमची ही घाबरते पाण्याला. मी जन्मभर पाणी अडवलं, मला कसली भीती?" खाटेशेजारी खुर्चीवर बसलेल्या नीलांबरीकाकू हे ऐकून घ्यायच्या आणि चमच्यातलं वरणाचं पाणी त्यांच्या ओठांशी न्यायच्या. विनीता मान डोलवायची. नायगऱ्याला येईन म्हणायची. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे तिला त्या घरात पुन्हा कळलं. मायेनं बोललेलं खोटं तर जिभेवर साखरेसारखं विरघळतं, मागं काही उरत नाही असं वाटतं.

काकूंनी मागणं मागितलं ते स्वयंपाकघरात. ओटा पुसता पुसता, पाठमोऱ्या. सासरे खाटेवर गेले होते, म्हणाल्या. सगळे डॉक्टरला आणायला धावले आणि जीव जायच्या आत खाली भुईवर घ्यायचं राहून गेलं. सासूबाई पुढं जगल्या तेवढी वर्षं एकच बोलत राहिल्या, माझा माणूस अधांतरी गेला. ना आभाळात ना भुईवर. "ह्यांनी ते लहानपणापासून ऐकलंय. लग्न झाल्यावर मला एकदा म्हणाले होते, मला तेवढं खाली घे हो. चेष्टेतच म्हणाले, पण म्हणाले. मला दुसरं काही नको, विनीता. इथं मला काही कळत नाही. तू सांगशील ना वेळ झाली की?" इथं नर्सनं द्यायचं एक उत्तर असतं. कुणालाच नक्की सांगता येत नाही, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, आपण त्यांना त्रास होणार नाही एवढं बघू. हे उत्तर विनीतानं इंग्रजीत इतक्या जणांना दिलं होतं की ते तिच्या तोंडून आपोआप निघायचं. मराठीत ते कसं म्हणायचं, हे तिला त्या ओट्यापाशी सुचेना. काकू ओलं फडकं पिळत होत्या आणि त्यांची मान मागून अगदी आईसारखी दिसत होती. "सांगेन, काकू," ती म्हणाली. म्हणताना तिला जो आनंद झाला त्याची तिला आता शिसारी येते. आपल्याला कळतं, आणि आपल्यातल्या कुणालातरी ते उपयोगी पडणार आहे, असा तो आनंद होता.

तो दिवस उजाडला तेव्हा काका डोळे उघडेनासे झाले होते. श्वास येत होता, थांबत होता, बराच वेळ थांबत होता, मग कुणीतरी ढकलल्यासारखा पुन्हा सुरू होत होता. विनीतानं पांघरूण वर केलं. गुडघ्यांवर जांभळे डाग उमटले होते, तळवे गार होते. ती सगळी चिन्हं तिनं इतक्या वेळा पाहिली होती की त्यांच्याबद्दल शंका घेणं म्हणजे स्वतःच्या हातांबद्दल शंका घेणं. तरी ती थोडी थांबली. मग दारातल्या काकूंकडं बघून म्हणाली, "काकू, आता." पुढचं भराभर झालं. यतीन तळघरातल्या ऑफिसातून मीटिंग अर्धी टाकून वर आला. नेत्रानं कामावरून रजा घेतलीच होती. कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत खिळवलेलं, ते काढणार कसं, म्हणून ती मोटरची, चाकांची खाट ढकलत जेवणघरात लाकडी फरशीवर आणली. काकूंना मध्येच शंका आली. "याच्याखाली बेसमेंट आहे ना रे? मग ही भुई कसली?"  यतीनच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं होतं, कारण खाली त्याची ट्रेडमिल होती. शेवटी काकूंनीच निकाल दिला की घराची भुई ती भुई. त्यांनी फरशीवर ओलं फडकं फिरवलं, साडीच्या घडीतून पुण्याहून आणलेले दर्भ काढून अंथरले, त्यावर धुतलेली चादर. मग तिघांनी खालच्या चादरीची टोकं धरून काकांना उचललं. ते इतके हलके होते की जोर लावलेले हात फसले आणि ते एकदम वरच गेले. विनीतानं तोंड ओलं करायची स्पंजची काडी गंगेच्या पाण्यात बुडवली आणि ती काकांच्या ओठांवरून फिरवली. काकू उशाशी बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते विनीताला डोळे भरून पाहता आलं, एवढं तरी तिच्या वाट्याला आलं. श्वास थांबला. सगळे थांबले. आणि श्वास पुन्हा आला.

तो येतच राहिला. तासाभरानं तर नीट येऊ लागला, झोपलेल्या माणसाचा येतो तसा. असं होतं, क्वचित होतं, पण होतं. विझता विझता एखादं शरीर कुठूनसं चमचाभर तेल काढतं. विनीताला हे माहीत नव्हतं असं नाही. काकू मान वर करून तिच्याकडं बघत होत्या आणि विनीता काकांच्या नाडीवरचं बोट उचलत नव्हती, कारण बोट उचललं की बोलावं लागलं असतं. दुपारी शाळेची बस आली. यतीनची मुलगी सलोनी, तिला शेजारी पाठवायचं सगळे विसरले होते, पाठीवर दप्तर घेऊन जेवणघराच्या दारात उभी राहिली. "आजोबा, व्हाय आर यू ऑन द फ्लोअर?" आणि काकांनी डोळे उघडले.

ते आधी नातीकडं बघून हसले. मग छताकडं बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या रिकाम्या खाटेकडं, तिच्या पोटाखालच्या लोखंडी पट्ट्यांकडं आणि लोंबणाऱ्या वायरीकडं, ओव्हरसीअरच्या नजरेनं, बराच वेळ. त्यांचा हात चादरीवरून सरकत फरशीवर गेला. "मला खाली कधी घेतलं?" यतीन पटकन म्हणाला, "बाबा, बेडची मोटर बिघडली. माणूस येतोय रिपेअरला." "मोटर बिघडली," काका म्हणाले. हाताखालच्या माणसाची थाप ऐकून घ्यावी तसं म्हणाले. मग त्यांनी चादरीच्या कडेतून बाहेर आलेली एक काडी ओढून काढली आणि डोळ्यांसमोर धरली. "आणि दर्भ कशाला?"  नेत्रा सलोनीला घेऊन आत गेली. काकांनी तो दर्भ परत जागच्या जागी ठेवायचा प्रयत्न केला, तो नीट बसेना. "मला वर घ्या," ते म्हणाले. "नीला, मला वर घ्यायला सांग."  एकदा खाली घेतलेलं माणूस वर घेत नाहीत, हे काकूंना पुटपुटताही येईना. "असू द्या ना," एवढंच त्या म्हणाल्या, "इथं बरं आहे." "मला इथं भीती वाटते," काका म्हणाले. जन्मभर पाणी अडवलेला माणूस. त्यांनी काकूंकडं पाठ केली आणि विनीताकडं हात केला. "तू तरी घे." विनीतानं यतीनकडं पाहिलं. दोघांनी त्यांना उचललं. या खेपेला ते जड लागले. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून नळाचा आवाज येत राहिला, भांडं मात्र एकही वाजलं नाही.

त्यानंतर काका फारसे बोलले नाहीत. नायगरा नाही, मिरज नाही, दाढीही नको म्हणाले. उजव्या हातानं त्यांनी खाटेचा कठडा धरला तो सोडलाच नाही. झोपेचं औषध ओठांशी नेलं की तोंड मिटून घ्यायचे. झोप लागली आणि पुन्हा खाली घेतलं तर? चादर सारखी करायला कुणी वाकलं की मूठ आवळायची, शिरा टरारून वर यायच्या. सगळ्यात जास्त आवळायची ती काकू जवळ आल्या की. विनीतानं ते पाहिलं, आणि काकूंनी ते पाहिलं हेही पाहिलं. जिच्या हातचं खाऊन माणूस म्हातारा झाला तिच्या हाताला तो घाबरत होता. काकू मग चमचा नेत्राच्या हातात द्यायच्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या, आत नाही, बाहेर नाही. विनीता घरी जाऊन भाजी फोडणीला टाकायची आणि तिला ती मूठ दिसायची. सांगून टाकलं असतं आधीच, की काका, तुम्ही जाणार आहात, तर ते घाबरले असते, रडले असते, चिडले असते, आणि मग कदाचित त्यांनी स्वतःच म्हटलं असतं, नीला, तेवढं मला खाली घे हो. बॅज खिशात टाकला नसता तर. ओट्यापाशी तोंड बंद ठेवलं असतं तर. तिच्या मायेनं एका म्हाताऱ्या नवराबायकोच्या मधोमध लोखंडी कठडा उभा केला होता.

आणि मग ती सकाळ. पुन्हा तेच श्वास, येणारे आणि थांबणारे. पुन्हा गुडघ्यांवर जांभळे डाग. काकांचे डोळे मिटलेले, पण मूठ कठड्यावर होती तशीच, सगळं शरीर सुटलं होतं आणि तेवढी मूठ जागी होती. काकू दारात आल्या. नुसतं बघितलं, आता? असं विचारणारं ते बघणं होतं, आणि त्यात इतकी लाचारी होती की विनीतानं नजर काढून घेतली. तिनं पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. "नाही, काकू, अजून वेळ आहे. तुम्ही जरा चहा घेऊन या." काकू गेल्या. एकदा चुकली होती, म्हणून या खेपेला जपून बोलली, असं विनीता नंतर स्वतःला सांगायची. काही दिवस ते पटायचं. पण जपून बोलणारा माणूस पांघरूण ओढून डाग झाकत नाही. चहाचं आधण उकळायच्या आत काका गेले, खाटेवर, मुठीत कठडा धरून. काकू कप घेऊन आल्या, उभ्या राहिल्या, कप खिडकीत ठेवला. यतीन घाईघाईनं म्हणाला, "आई, लगेच खाली घेऊ या, चालतं ना?" "आता कशाला," काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचं एकेक बोट कठड्यावरून सोडवलं, तान्ह्या मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं, हळू, आणि तो हात आपल्या हातात घेऊन बसल्या. आता तो आवळला जात नव्हता. त्यांना खाली घ्यायचं होतं, ते झालं नाही. काकांना न घाबरता जायचं होतं, तेही नाही. तेल गेलं, तूप गेलं. विनीतानं घड्याळ बघून वेळ लिहून घेतली आणि फोन करायला बाहेर गेली.

मेथी जागेवर ठेवून ती तशीच दुकानाबाहेर आली. पार्किंग लॉटच्या कडेला यंत्रानं लोटून ढीग केलेलं बर्फ काळं पडलं होतं, आणि मार्च लागला तरी वितळायचं नाव घेत नव्हतं. ती किल्ली शोधत होती तोच मागून काकूंचा आवाज आला. नेत्राला सामान गाडीत भरायला लावून त्या एकट्याच आल्या होत्या, साडीवर यतीनचं जाड जाकीट, पायांत बूट.

"आत बोलायचं नव्हतं," काकू म्हणाल्या. "बरी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"आहे." त्यांनी जाकिटाच्या बाह्या उगाच ओढल्या. "एक विचारते. त्या दिवशी मला चहाला पाठवलंस, तेव्हा तुला कळलं होतं ना?"

विनीताला वाटलं होतं की हा प्रश्न आला की आपण कोसळू. तसं काही झालं नाही. उलट तिच्या आतली जुनी नर्स शांतपणे कामाला लागली. हो म्हणावं तर या बाईला उरलेलं आयुष्य हे घेऊन काढायचं की आपल्या ओट्यापाशी वचन दिलेल्या मुलीनं आपल्याला फसवलं, नवऱ्याच्या शेवटच्या श्वासापासून उठवून चहाला पाठवलं. नाही म्हणावं तर ती नुसती चूक होते. चुकीला कुणी धनी नसतो. मागं राहणाऱ्याच्या डोक्यावर हलकं ओझं ठेवावं, हे ती इतकी वर्षं करत आली होती.

"नाही, काकू," ती म्हणाली. "नाही कळलं. माझा अंदाज पुन्हा चुकला."

काकूंनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिल्या. "मला वाटत होतं, तुला कळलं असेल," त्या म्हणाल्या. "त्यांनी ते लोखंड असं धरून ठेवलं होतं ना, ते बघून तू मुद्दाम बोलली नाहीस, असं मी मनाशी धरून होते. आधी राग आला होता तुझा. मग वाटलं, माझं नाही तर नाही, निदान त्यांचं तरी कुणी ऐकलं. मी नाही ऐकलं, तू ऐकलंस. त्यावरच हा हिवाळा काढला." त्यांनी जाकिटाची चेन वर ओढली. "म्हणजे तेही नव्हतं."

"काकू, थांबा. खरं सांगते, मला कळलं होतं. मी त्यांच्यासाठीच..."

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. हातमोज्यातूनही तो गार लागला. "नको गं," त्या म्हणाल्या, अगदी मायेनं म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून तू काहीही बोलशील. माहितीये मला." आणि घसरू नये म्हणून गाड्यांचा आधार घेत त्या नेत्राकडं निघून गेल्या.